आठ हजारी शिखर आणि पैसे भरून मिळणारी मोहीम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नेपाळमधील मोहिमांची नोंदणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो : व्यावसायिक कंपनीबरोबर, शेर्पांच्या साहाय्याने, आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर चढायला जावे का, आणि जायचे तर कसे. या वेळी अशाच पत्रांना उत्तरे देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अडतीस वर्षांचा संगणक अभियंता आहे. आठवड्यातून तीन वेळा सिंहगड चढतो आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक विनात्रास पूर्ण केला आहे. काठमांडूतील एका कंपनीने पुढच्या वसंत ऋतूत थेट एव्हरेस्ट मोहिमेत जागा देऊ केली आहे. पूर्वानुभवाची अट नाही, आमचे शेर्पा सगळे शिकवतील, असे ते म्हणतात. जावे का? (वाचक, पुणे)

पुढच्या वसंतात जाऊ नये. आपली तंदुरुस्ती चांगली आहे आणि सिंहगडाची सवय पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडेल, तेव्हा ती मोडू नका. मात्र सिंहगड दमसास वाढवतो, उंचीची सवय लावू शकत नाही. सह्याद्रीतील कोणताच डोंगर ती लावू शकत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच असलेले कळसूबाई १६४६ मीटरवर संपते आणि एव्हरेस्टचा नेपाळकडील बेस कॅम्पच ५३६४ मीटरवर आहे. आपण तिथे जाऊन आलात हे खरे, पण ट्रेकला जाणारा माणूस बेस कॅम्प पाहून त्याच दिवशी गोरक्षेप या खालच्या मुक्कामाला परततो. मोहिमेत त्या उंचीवर कित्येक आठवडे जेवायचे, झोपायचे, आजारी पडायचे आणि बरे व्हायचे असते. मधूनमधून वरच्या कॅम्पांपर्यंत चढून पुन्हा खाली यायचे असते. आपले शरीर हे कसे सोसते याची माहिती आज आपल्याला नाही, कंपनीला नाही आणि शेर्पालाही नाही.

दुसरी गोष्ट कौशल्याची. क्रॅम्पॉन (बुटांखालचे टोकदार खिळे) लावून कडक बर्फाचा उतार उतरणे, एका दोरावरचा जुमार (दोरावर वर सरकवायची पकड) पुढच्या दोरावर लावताना त्या क्षणी आपण कशाला अडकलेले आहोत याचे भान ठेवणे, जाड हातमोजे न काढता कॅरॅबिनर (दोरात अडकवायची कडी) उघडणे आणि बंद करणे, आणि हे सारे रात्री, उणे पंचवीस अंशांत, ऑक्सिजनच्या मुखवट्याच्या कडेने वाफ येऊन गॉगल धुरकटलेला असताना करणे, या गोष्टी बेस कॅम्पजवळच्या हिमनदीवर दोन दिवसांत दाखवता येतात; अंगवळणी पडायला मात्र काही हंगाम जावे लागतात. "शेर्पा सगळे शिकवतील" या वाक्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की शिखराच्या रात्री आपले कॅरॅबिनर शेर्पा लावेल आणि तोच काढेल. तो स्वतः थकला, आजारी पडला किंवा त्याचा मुखवटा गोठला, तर आपण दोराला टांगलेले ओझे ठरू.

माझा सल्ला असा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ पासून प्रशिक्षण देत आहेत. मनाली आणि पहलगाम येथेही सरकारी संस्था आहेत. त्यांपैकी एकीचा जवळपास चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करावा. वयोमर्यादेची चौकशी आधी करावी आणि रजेची व्यवस्था वर्षभर आधी लावावी, कारण या कोर्सच्या जागा लवकर भरतात. त्यानंतर सहा हजारांची एक-दोन शिखरे करावीत : लडाखमधील कांग यात्से-२, किंवा नेपाळमधील आयलंड पीक अथवा लोबुचे पूर्व. मग एक सात हजारी, म्हणजे नुन (७१३५ मीटर), सतोपंथ (७०७५ मीटर) किंवा नेपाळमधील हिमलुंग (७१२६ मीटर). या वाटेने तीन-चार वर्षे जातात. एव्हरेस्टसाठी आधी नेपाळमधील सात हजार मीटरपेक्षा उंच शिखर चढलेले असावे अशी तरतूद नेपाळच्या राष्ट्रीय सभेत २०२५ मध्ये मांडलेल्या पर्यटन विधेयकात होती. कायद्याचे काय होईल ते होवो. ही अट आपण स्वतःला आजच घालून घ्यावी. आणि जी कंपनी अनुभवाबद्दल एकही प्रश्न न विचारता आगाऊ रक्कम मागते, तिच्याबरोबर पुढेही जाऊ नये, कारण आपल्याला जसे घेतले तसेच तिने इतरांनाही घेतलेले असेल आणि दोर सर्वांचा एकच असतो.

प्रश्न : एकाच शिखरासाठी दोन कंपन्यांच्या दरांत दुपटीचा फरक दिसतो. हा फरक नेमका कशाचा? स्वस्त मोहीम म्हणजे धोकादायक मोहीम असे समजावे का? (वाचक, नाशिक)

सरसकट तसे समजू नये, परंतु स्वस्त मोहिमेत काय वगळले आहे हे आपल्याला आधी माहीत असले पाहिजे. काही खर्च सर्वांना सारखे असतात. उदाहरणार्थ, एव्हरेस्टच्या नेहमीच्या दक्षिण मार्गाचे वसंत ऋतूतील परवाना शुल्क १ सप्टेंबर २०२५ पासून अकरा हजार डॉलरवरून पंधरा हजार डॉलर झाले आणि भारतीय नागरिकालाही ते परदेशी म्हणून पूर्णच भरावे लागते. खुंबूच्या हिमप्रपातातील (बेस कॅम्पच्या लगेच वरच्या भेगाळ बर्फाच्या उतारावरील) शिड्या आणि दोर सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीने नेमलेले अनुभवी शेर्पा लावतात. त्यांना "आइसफॉल डॉक्टर" म्हणतात आणि त्यांनी केलेल्या वाटेवरून श्रीमंत आणि काटकसरी अशा दोन्ही मोहिमा जातात.

फरक पडतो तो त्यापुढे. नेपाळच्या २०२५ मधील सुधारित नियमांनुसार आठ हजारी शिखरावर दोन गिर्यारोहकांमागे किमान एक मार्गदर्शक किंवा उंचीवरचा साहाय्यक असणे बंधनकारक आहे. बऱ्या कंपन्या प्रत्येकी एक शेर्पा देतात आणि शिवाय एक-दोन राखीव ठेवतात; काही कंपन्या जाहिरातीत "पूर्ण सेवा" असे लिहून प्रत्यक्षात दोघांत एक देतात. त्या दोघांपैकी एकाला सात हजार सहाशे मीटरवरून परतावे लागले तर शेर्पा कोणाबरोबर राहील, हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायचा असतो. ऑक्सिजनचेही तसेच. नेहमीच्या चार लिटरच्या नळकांड्यात सुमारे बाराशे लिटर वायू दाबून भरलेला असतो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने तो दहा तासांच्या आसपास पुरतो आणि चार लिटरच्या वेगाने पाच तास. शिखराच्या दिवशी चढून उतरायला पंधरा तास लागू शकतात, वाटेत गर्दी असेल तर अधिक. म्हणून "ऑक्सिजन समाविष्ट" हे शब्द पुरेसे नाहीत. नळकांडी किती, कोणत्या कॅम्पवर किती, शेर्पासाठी वेगळी आहेत का, आणि जादा रेग्युलेटर व मुखवटा कोणाजवळ असेल, हे लेखी घ्यावे. हवामानाचा अंदाज पैसे देऊन घेतला जातो की शेजारच्या तंबूत विचारला जातो, वॉकीटॉकी प्रत्येकाजवळ असते की फक्त सरदाराजवळ (शेर्पांच्या म्होरक्याजवळ), बेस कॅम्पवर डॉक्टर आहे का, यावरही पैसे खर्च होतात. पाश्चात्त्य कंपन्यांच्या महागड्या मोहिमांत आयएफएमजीए या पर्वत-मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची पात्रता असलेला मार्गदर्शक असतो. तशी पात्रता मिळवलेले नेपाळी मार्गदर्शकही आता आहेत आणि तुलनेने कमी दरात उपलब्ध होतात. माझ्या मते मराठी गिर्यारोहकासाठी हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा आहे. हिंदी दोघांनाही येते ही सोय लहान वाटते, पण उंचीवर इंग्रजीत विचार करणे जड जाते.

एका बाबीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते : शिखरभत्ता. शेर्पाला पगाराशिवाय, गिर्यारोहक शिखरावर पोहोचल्यास, एक मोठी रक्कम मिळण्याची प्रथा आहे. शिखराशी बांधलेली ही रक्कम मागे फिरण्याचा निर्णय शेर्पाला महाग करते आणि तोच निर्णय तुमचा जीव वाचवणारा असू शकतो. म्हणून भत्त्याची रक्कम आधीच ठरवावी आणि काठमांडूतच त्याला सांगावे की तू मला जिथून परत फिरवशील तिथूनही ही रक्कम तुझीच आहे. काही कंपन्यांना हे आवडत नाही. परतीची वेळही अशीच आधी ठरवावी. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी दोन उलटल्यानंतरही चढाई चालू राहिली आणि वादळात सापडून डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले; त्यांपैकी तिघे उत्तर बाजूने चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान होते. दक्षिणेकडच्या व्यावसायिक मोहिमांत नामवंत मार्गदर्शक होते, परतीच्या वेळेची चर्चाही झालेली होती. ती वेळ मात्र पाळली गेली नाही.

प्रश्न : मनास्लू हे "सोपे आठ हजारी" आहे, एव्हरेस्टपूर्वी तेच करावे, असे सर्वत्र वाचायला मिळते. ते खरे आहे का? (वाचक, डोंबिवली)

आठ हजारी शिखरांत त्याच्या नेहमीच्या मार्गावर उभ्या खडकाची चढाई फारशी नाही, एवढ्यापुरते ते खरे आहे. मनास्लू ८१६३ मीटर उंच आहे आणि उंचीच्या क्रमाने जगात आठवे. गोरखा जिल्ह्यात बुढी गंडकीच्या खोऱ्यातून काही दिवस चालत सामागावला पोहोचायचे, तिथून सुमारे ४८०० मीटरवरच्या बेस कॅम्पला जायचे आणि वर चार कॅम्प लावायचे, असा साधारण पाच-सहा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. बहुतेक व्यावसायिक मोहिमा सप्टेंबरमध्ये होतात आणि मनास्लूची खरी अडचण तिथेच आहे. पावसाळा संपत आलेला असतो, पण संपलेला नसतो. वरच्या उतारांवर ताजा, न बसलेला बर्फ साठतो आणि हिमलोट सुटतात. २३ सप्टेंबर २०१२ रोजी पहाटे तिसऱ्या कॅम्पवर असाच लोट आला आणि अकरा जण मृत्युमुखी पडले. ते तंबूत झोपलेले होते, त्यामुळे त्यांच्या कौशल्याचा तिथे संबंधच नव्हता. २०२२ च्या सप्टेंबरमध्येही हिमलोटात जीवितहानी झाली. तेव्हा "सोपे" हा शब्द चढाईच्या तंत्राला लागू आहे, डोंगराला नाही. मनास्लूला जाणाऱ्याने कंपनीला विचारावे की मोठी हिमवृष्टी झाल्यावर आपण किती दिवस खाली थांबता आणि मोहिमेच्या वेळापत्रकात असे थांबण्याचे दिवस धरले आहेत का. चार आठवड्यांत "हमखास शिखर" असे सांगणाऱ्यांच्या वेळापत्रकात ते नसतात.

या डोंगराचा इतिहासही माहीत असावा. तो मुख्यतः जपानी गिर्यारोहकांचा आहे. १९५३ च्या जपानी मोहिमेनंतर हिमलोट येऊन सामा गावच्या परिसरातील मठाची हानी झाली; देवाचा कोप झाला असे मानून गावकऱ्यांनी १९५४ च्या मोहिमेला अडवले. शेवटी ९ मे १९५६ रोजी तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू शिखरावर पोहोचले. १९७४ मध्ये जपानी महिलांच्या तुकडीतील तिघी मनास्लूवर चढल्या. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखर गाठणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टपासून सुरू केलेल्या अष्टहजारी मोहिमांच्या मालिकेत मनास्लू २०१७ मध्ये आले, म्हणजे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि धौलागिरी यांच्यानंतर. ज्यांना अनुभव होता त्यांनीही मनास्लूला "सरावाचे शिखर" मानले नव्हते, याची नोंद घ्यावी.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा असून बेसिक आणि अॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स "अ" श्रेणीत केले आहेत. आमच्या तालुक्यातील पहिला एव्हरेस्टवीर होण्याची इच्छा आहे. वडील दोन एकर जमीन विकायला तयार आहेत आणि उरलेली रक्कम लोकवर्गणी व कर्जातून उभी करण्याचा विचार आहे. (वाचक, सोलापूर जिल्हा)

जमीन विकू नका. इतके थेट लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मान्य करूनही लिहितो. आपण दोन्ही कोर्स केलेत, म्हणजे या सदराला लिहिणाऱ्या बहुतेकांपेक्षा आपली तयारी अधिक आहे आणि वयही आपल्या बाजूने आहे. एव्हरेस्ट मोहिमेचा खर्च नेपाळी कंपनीबरोबरही तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. विकलेल्या जमिनीच्या, काढलेल्या कर्जाच्या आणि गावाने दिलेल्या वर्गणीच्या ओझ्यासह आपण शेवटच्या कॅम्पवर बसलेले असाल, वारा वाढलेला असेल आणि शेर्पा म्हणेल, "दाइ (दादा), आज नको." त्या क्षणी आपण काय उत्तर द्याल, याचा विचार इथे, घरी बसून करा. ज्याला परत फिरणे परवडत नाही त्याने त्या उंचीवर जाऊ नये, असे मला वाटते; आणि परवडणे हे केवळ पैशांचे नसते. गावात लागलेले फलक, आमदारांच्या हस्ते झालेला सत्कार आणि "निघण्यापूर्वीच विजयी" अशा बातम्या हे सारे परतीची वाट अरुंद करतात.

या दडपणाचा एक लाजिरवाणा नमुना महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१६ मध्ये पुण्यातील एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, त्यांना प्रमाणपत्रही मिळाले. नंतर दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या छायाचित्रांत फेरफार करून ती पुरावा म्हणून दिल्याचे उघड झाले, नेपाळ सरकारने प्रमाणपत्र रद्द केले आणि दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. पुरावा किती काटेकोर असू शकतो, हे मनास्लूनेही दाखवले आहे. तिथे अनेक वर्षे बहुसंख्य गिर्यारोहक मुख्य शिखराच्या अलीकडच्या उंचवट्यावर थांबून परतत असत. सप्टेंबर २०२१ मध्ये मिंग्मा ग्याल्जे यांच्या नेतृत्वाखालील तुकडी कड्याला वळसा घालून खऱ्या टोकावर गेली, त्याच वेळी ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रात अलीकडे थांबलेली माणसे आणि पलीकडचे उंच टोक एकत्र दिसले, आणि वाद मिटला. नेपाळमधील चढायांची नोंद ठेवणाऱ्या हिमालयन डेटाबेसने २०२२ पासून खऱ्या टोकापर्यंत गेलेल्यांचीच नोंद पूर्ण चढाई म्हणून करण्याचे ठरवले.

आपल्यासाठी अधिक चांगला मार्ग संस्थेचा आहे. पुणे, मुंबई, सातारा, नाशिक येथील जुन्या गिर्यारोहण संस्थांपैकी एकीत सामील व्हा आणि भारतातील सहा-सात हजारी शिखरांवर त्यांच्या मोहिमांत जा. तिथे खर्च वाटला जातो, स्वतः दोर लावावा लागतो आणि ओझी वाहावी लागतात. सातारच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट केले आणि २०२२ मध्ये कांचनगंगेसह पाच आठ हजारी शिखरे पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्या दोन टोकांमध्ये नऊ वर्षे आहेत. तालुक्यातील पहिले होण्याची घाई नसेल तर आपल्याजवळही तेवढी वर्षे आहेत.

प्रश्न : माझे वय बावन्न असून रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. उंचीवर काय त्रास होऊ शकतो आणि औषधे घेऊन तो टाळता येतो का? (वाचक, ठाणे)

नियंत्रणात असलेला रक्तदाब म्हणजे आपोआप मनाई असे नाही, परंतु उंचीवर रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडून ताण-चाचणीसह तपासणी करून घ्यावी आणि मोहिमेचे नाव न सांगता "किती दिवस, किती मीटरवर झोपायचे आहे" हे त्यांना सांगावे. एव्हरेस्टचे नाव ऐकून काही डॉक्टर एकदम नाही म्हणतात आणि काही कौतुकाने हो म्हणतात. दोन्हींचा उपयोग नाही.

सुमारे साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही साधी लक्षणे आहेत. ती असताना वर जायचे नाही. फुप्फुसांत पाणी साचणे आणि मेंदूला सूज येणे हे दोन प्रकार जीवघेणे आहेत. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, ओला खोकला, सरळ रेषेत चालता न येणे, विचित्र बोलणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरणे हाच उपचार. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोनसारखी औषधे उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, एवढेच. तीन हजार मीटरनंतर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम अनुभवी माणसालाही लागू आहे. अॅसिटाझोलामाइड ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. ती आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तसे जरूर सांगावे. आपल्या वयाचे अनेक जण आठ हजारी शिखरे चढून आले आहेत. वयापेक्षा मला चिंता वाटते ती लक्षण लपवण्याच्या सवयीची, कारण "सगळ्यांचे वेळापत्रक माझ्यामुळे बिघडायला नको" असे म्हणणारी माणसे आपल्याकडे फार आहेत.

प्रश्न : घरी कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून किंवा झेनॉन वायू घेऊन मोहीम एका आठवड्यात आटोपता येते असे वाचले. (वाचक, बडोदे)

मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोहोचले, हे खरे आहे. त्यांनी झेनॉन घेतला होता, पण त्याआधी कित्येक आठवडे ते तंबूत झोपण्याचा सरावही करत होते आणि डोंगरावर भरपूर ऑक्सिजन वापरत होते. त्यामुळे यशाचे श्रेय वायूला देता येत नाही. झेनॉनने पर्वतावरील कामगिरी सुधारते याला पुरावा नाही, असे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीने त्याच वर्षी स्पष्ट केले. तंबूचा काही उपयोग असू शकतो, पण मुंबई-बडोद्याच्या उकाड्यात बंद तंबूत महिनाभर झोप बिघडवून घेण्यापेक्षा लडाखला दहा दिवस आधी जाऊन राहणे मला बरे वाटते.

प्रश्न : सगळे ओझे शेर्पा वाहतात, दोर शेर्पा लावतात आणि छायाचित्र आपले येते. अशा मोहिमेत जाणे नैतिक आहे का? (वाचक, कोल्हापूर)

प्रश्न बोचरा आहे आणि तो टाळू नये. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मरण पावले. ते वरच्या कॅम्पसाठी सामान नेत होते. पैसे भरलेला एकही गिर्यारोहक त्यांत नव्हता. सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, म्हणजे भारतीय पंचवीस हजार. संतापलेल्या शेर्पांनी काम थांबवले आणि त्या हंगामात नेपाळच्या बाजूने मोहिमा जवळपास बंद पडल्या. त्यानंतर विम्याची सक्तीची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढली. २०२५ च्या नियमांनुसार उंचीवर काम करणाऱ्यांसाठी ती वीस लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे साडेबारा लाख आहे. कुटुंबातील कमावता माणूस गेल्यावर एवढ्याने काय होते, याचा हिशेब कोल्हापूरच्या वाचकाला मी सांगायला नको.

तरीही जाऊ नये असे मी म्हणणार नाही. खुंबू, रोलवालिंग, मकालू या खोऱ्यांतील घरे, शाळा आणि मुलांची शिक्षणे या रोजगारावर उभी आहेत, आणि आज मोठ्या कंपन्यांचे मालकही बरेचसे शेर्पाच आहेत. आपल्या हातात आहे ते हे : शेर्पाचा विमा किती आहे आणि त्याला अनुभव किती आहे हे विचारणे, वैयक्तिक सामान ठरलेल्या वजनापेक्षा एक किलोही अधिक न देणे, त्याचे पूर्ण नाव, गाव आणि त्याने याआधी कोणती शिखरे केली आहेत हे आपल्या अहवालात लिहिणे. मराठी वृत्तपत्रांत येणाऱ्या मोहिमांच्या बातम्यांत शेर्पांची नावे अजूनही शेवटच्या ओळीत, आडनावाशिवाय येतात किंवा येतच नाहीत. सत्काराच्या व्यासपीठावर ती मोठ्याने उच्चारली जावीत. आणि वर लिहिलेली शिखरभत्त्याची गोष्ट नैतिकतेच्या खात्यातही धरावी.

प्रश्न : मनास्लूवर शाकाहारी आहार चालेल का? (वाचक, जळगाव)

चालतो. बेस कॅम्पचा स्वयंपाकी डाळ-भात, बटाटे, पनीर, अंडी चालत असल्यास अंडी असे सारे करतो. वरच्या कॅम्पवर भूक मरते आणि प्रश्न शाकाहाराचा न राहता गिळण्याचा होतो, म्हणून शेंगदाण्याची चिक्की, राजगिरा लाडू, खजूर, आवडते लोणचे असे घरचे काहीतरी न्यावे. लाडू गोठल्यावर दगडासारखे होतात. ते लहान वळावेत आणि अंगाजवळच्या खिशात ठेवावेत.

प्रश्न : माझे पती सप्टेंबरमध्ये मनास्लू मोहिमेला जात आहेत. त्यांची तयारी चांगली आहे. मी त्यांना अडवत नाही. पण घरी राहणाऱ्याने काय विचारावे आणि काय जवळ ठेवावे, हे कोणी सांगत नाही. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

विमा पॉलिसीची प्रत स्वतः वाचा. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर किंवा दोर वापरून केलेल्या चढाईला लागू होत नाहीत आणि हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. हेलिकॉप्टर बचाव कितपत मिळेल, परवानगी देण्यासाठी कंपनी कोणाला फोन करील आणि पैसे आधी भरावे लागतील का, हे विचारा. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ मध्ये सरकारी चौकशीत उघड झाले होते, त्यामुळे विमा कंपन्या आता कागद काटेकोर तपासतात.

कंपनीच्या काठमांडू कार्यालयातील एका माणसाचा थेट क्रमांक घ्या आणि पती निघण्यापूर्वी त्याच्याशी एकदा बोला. सॅटेलाइट फोन किंवा संदेश पाठवणारे उपग्रह उपकरण न्यायचे असल्यास ते काठमांडूत भाड्याने घ्यावे. परवानगीशिवाय अशी उपकरणे बाळगण्यास भारतात बंदी आहे आणि विमानतळावर ती जप्त होऊन अटकही होऊ शकते. बेस कॅम्पवर बहुधा इंटरनेट असते, त्यामुळे पहिले तीन आठवडे रोज बोलणे होईल आणि नंतर ते एकाएकी थांबेल. शिखराच्या चढाईसाठी निघाल्यावर साधारण चार-पाच दिवस त्यांचा आवाज ऐकू येणार नाही, हे सासू-सासऱ्यांना आणि मुलांना आधीच सांगून ठेवा. ऑक्सिजनची पातळी, कॅम्प आणि वेळ वॉकीटॉकीवरून बेस कॅम्पला कळत असते. ती माहिती दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी आपल्याला पाठवावी अशी कंपनीकडून लेखी कबुली घ्या. शिखर झाल्याची बातमी अनेकदा आधी समाजमाध्यमांवर येते. ती आली तरी पती बेस कॅम्पला पोहोचल्याचा संदेश येईपर्यंत ती पुढे पाठवू नका आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटालाही तसे बजावून ठेवा. बरेच अपघात उतरताना होतात आणि मनास्लूच्या माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत उतरायला बहुतेकांना एक ते दोन दिवस लागतात.